शाळेतल्या इलेक्शनला चॉकलेटं वाटली, त्यावरनं डोक्यात सुरू झालेलं

फ्लेक्सवाला_पेठेतला

मंडळी, लय दिवसांनी धागा काढतोय आणि मोठा होणार, चहा घेऊन बसा.

माझी धाकटी कोल्हापूर महापालिकेच्या शाळेत सहावीला आहे. गेल्या महिन्यात त्यांच्यात शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक झाली. रीतसर हां, अर्ज भरणे, माघार, चिन्हवाटप, आणि बाईंच्या मोबाईलवर ते मतदान यंत्राचं ॲप, बटण दाबलं की पींऽऽ वाजतंय, बोटाला शाई पण लावली. पोरगी घरी आली, दप्तरातनं चॉकलेटचा कागद काढून दाखवला, म्हणाली पप्पा हे अमक्यानं दिलं, सगळ्यांना दिलं, मुख्यमंत्रीपदाला उभारलाय. मी विचारलं मग तू मत कुणाला दिलंस? तर म्हणाली त्यालाच की. का गं? "खाल्लंय म्हटल्यावर द्यायला लागतंय न्हवं."

मी हसलो, बायको पण हसली. रात्री मात्र झोप लागंना.

कारण पोरीच्या बोलण्यात लबाडी कणभर नव्हती. तिच्या हिशोबानं ती इमानदारीच करत होती, खाल्ल्या मिठाला जागत होती. आणि हा हिशोब ती घरातच शिकली असणार, कारण इलेक्शनला पैशाची पाकिटं आली की "आमच्या गल्लीत एवढे आले, तुमच्यात किती?" ही चर्चा आपण पोरांसमोरच करतो, गणपतीची वर्गणी किती जमली तशी.

आता माझा धंदा. नावातच आहे. जूनमध्ये शाळा-क्लासवाल्यांचे फ्लेक्स, पोरांचे पासपोर्ट फोटो, खाली टक्के, वर संस्थापक साहेब हात जोडून. इलेक्शन लागलं की उमेदवारांचे. आतली गोष्ट सांगतो, कॉम्प्युटरवर फाईल एकच आहे. मागची किरणं तीच, 'विश्वास' हा शब्द तोच, 'एकच ध्यास' तोच, फोटो आणि मोबाईल नंबर तेवढा बदलायचा. एकदा शाळेच्या फाईलमधलं 'प्रवेश सुरू' काढायचं राहिलं आणि एका इच्छुकाच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर तसंच छापून गेलं. दोन दिवस चौकात लटकत होतं, कुणालाच खटकलं नाही. त्यालाही नाही.

थोरला माझा चार वर्षं इंग्लिश मीडियमला होता. २०२० ला लॉकडाऊन लागला, ना लग्नं ना वाढदिवस ना सभा, मशीन बंद, फी थकली. काढला त्याला. धाकटी तर तिकडं गेलीच नाही. लाजेकाजेस्तव सुरुवातीला पाहुण्यांना सांगायचो जवळ आहे म्हणून घातलीय. पण दोन्हीकडचा फरक सांगतो, शिकवण्याचा नाही, तो वेगळा विषय आहे. तिकडं काय तक्रार असली की काउंटरवरची पोरगी गोड हसून म्हणायची, सर तुम्हाला पटत नसेल तर दाखला घेऊन जाऊ शकता. इकडं मुख्याध्यापक मला बघितलं की कपाळाला हात लावतात, कारण मी शाळा व्यवस्थापन समितीत आहे. शिक्षण हक्क कायद्यानं त्या समितीत तीन चतुर्थांश पालकच असायला लागतात आणि एकूणात निम्म्या बायका. पहिल्या मीटिंगला आम्ही तिघं होतो, बाकीच्यांच्या सह्या शिपाई घरोघरी जाऊन घेऊन आला. तरी पण तिथं मी भांडू शकतो हो. तिकडं पैसे देऊन गप्प बसायचो, इकडं फुकट आहे तर तोंड वर करून बोलतोय. उलटं व्हायला पाहिजे होतं न्हवं?

तर माझं म्हणणं एवढंच हाय. राज्यशास्त्राचा धडा वाचून पोरगं नागरिक होत नाही. दहावीला इतिहासाच्या ४० मार्कांच्या पेपरात शेवटी शेवटी ते राज्यशास्त्र येतं, तेही पोरं 'चूक की बरोबर ते सकारण लिहा' म्हणून पाठ करतात. शाळेत कोण कुणाच्या शेजारी बसतंय आणि त्यांच्या आईबापाला तिथं तोंड उघडता येतंय का, पोरगं ते बघून शिकतं. आपण सगळे शाळेत गिऱ्हाईक म्हणून जायला लागलो, आता मतदानाला पण गिऱ्हाईक म्हणूनच जातोय. महापालिकेच्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० ला संपली, पुढं कितीतरी वर्षं प्रशासक. ॲडमिशनचा फॉर्म मिळावा म्हणून पहाटे पाचला रांगेत उभारणारा माणूस आपल्याला नगरसेवकच नाही याबद्दल एक दिवस बोलला नाही. मी पण नाही. माझ्या धंद्याला इलेक्शन पाहिजे होतं तेवढ्यापुरतं बोललो.

बोला आता.

---

राजारामपुरी_तेरावी_गल्ली

भावा, लिहिलंयस भारी, पण जरा इमोशनल झालंय. माझी दोन्ही पोरं प्रायव्हेटला आहेत आणि मला त्यात काही अपराध वाटत नाही. आमच्या घराजवळच्या सरकारी शाळेत दोन वर्गांना मिळून एक बाई होत्या आणि त्या पण निम्मा महिना मतदार याद्यांच्या कामाला. मी काय करायचं होतं, पोराला तुझ्या लोकशाहीचा प्रयोग म्हणून बसवायचं होतं का तिथं? शाळा पटली नाही तर मी बदलतो, पैसे माझे आहेत. स्पर्धा आहे म्हणून तर शाळा जाग्यावर राहतात. चॉकलेटचं म्हणशील तर चॉकलेट सरकारी शाळेतच वाटलंय ना? मग सरकारी शाळेनं कुठं काय वेगळं शिकवलं?

---

फ्लेक्सवाला_पेठेतला

शेवटचा मुद्दा बरोब्बर पकडलास, त्यावर माझ्याकडं उत्तर नाही, खरंच.

पण 'पटली नाही तर बदलतो' यावर बोलतो. टोल आठवतोय का? शहरातले रस्ते खाजगी कंपनीकडनं करून घेतले आणि आपल्याच गावात शिरायला टोल बसवला. काय झालं? ताराबाई पार्कातला डॉक्टर, गंगावेशीतला रिक्षावाला, पेठेतल्या तालमी, व्यापारी, वकील सगळे एका मोर्चात. एन. डी. पाटील सर ऐंशी ओलांडलेले, तब्येत धड नाही, तरी पुढं. चार वर्षं लोक मागं हटले नाहीत, मधे नाकी पण पेटली, आणि २०१५ च्या शेवटी टोल गेला. तेव्हा आपण छाती फुगवून सांगत होतो कोल्हापूरचं पाणीच वेगळं. मला आता वाटतं पाण्याचा काय संबंध नव्हता. तिथं दुसरा रस्ताच नव्हता भावा! डॉक्टरला पण नाही आणि रिक्षावाल्याला पण नाही. म्हणून दोघं एकत्र आले.

शाळेला दुसरा रस्ता होता. ज्याला चार अधिकारी ओळखतात, ज्याला अर्ज लिहिता येतो, ज्याचा आवाज वर जातो, तो पहिल्यांदा निघून गेला. मागं राहिले ते मीटिंगला आले तर अर्ध्या दिवसाची हजेरी बुडते असले. तू गेलास म्हणून तुला दोष देत नाही, मी पण गेलोच होतो, पैसे संपले म्हणून परत आलो, मोठेपणानं नव्हे. पण तुझ्यासारखे पंधरा बाप तिथं असते तर त्या एका बाईंच्या दोन बाई झाल्या असत्या का नसत्या?

---

राजारामपुरी_तेरावी_गल्ली

झाल्या असत्या कदाचित. पाच वर्षांनी. तोवर माझं पोरगं पाचवीतनं बाहेर पडलं असतं.

---

मास्तर_भुदरगड

तेरावी गल्ली दादांचं चुकत नाही. मी जिल्हा परिषदेचा शिक्षक, दोन शिक्षकी शाळा, पट १७. आमच्या तालुक्यातली पोरं शिष्यवृत्ती परीक्षेत चमकतात म्हणून पेपरात फोटो येतात, ते खरं आहे, त्यासाठी मास्तर मंडळी सुट्टीच्या दिवशी पण वर्ग घेतात. पण माझा आठवडा सांगतो, सोमवारी पोषण आहाराचा तांदूळ मोजला, मंगळवारी पोरांची आधार दुरुस्ती, बुधवारी 'माहिती आजच्या आज ऑनलाइन भरावी' असा मेसेज आला आणि आमच्या वाडीवर रेंज नाही म्हणून टेकडीवर जाऊन भरली, गुरुवारी केंद्रात मीटिंग, शुक्रवारी बीएलओचं, म्हणजे मतदार यादीचं काम. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नं आम्हाला अशैक्षणिक काम द्यायचं नाही, फक्त जनगणना, आपत्ती आणि निवडणुका सोडून. आता निवडणुका म्हणजे मतदानाचा एक दिवस नव्हे हो, यादीचं काम वर्षभर चालतं. मेलेल्याचं नाव काढायचं, सून आली तिचं घालायचं. गावातल्या प्रत्येक मतदाराला मी ओळखतो, वर्गातल्या पोराची वही बघायची राहते.

दुसरं एक सांगतो, राग मानू नका. मागच्या वर्षी पोरांना पत्रलेखन शिकवताना म्हटलं खोटं पत्र कशाला, खरं लिहूया. शाळेच्या वाटेवर गटार तुंबलेलं, तर चौथीच्या पोरांनी ग्रामपंचायतीला पत्र लिहिलं, खाली १७ जणांच्या सह्या, दोघांचं तर नुसतं एक वाकडंतिकडं अक्षर. तिसऱ्या दिवशी एक पदाधिकारी शाळेत. गटार बघायला नव्हे. "गुरुजी, हे पोरांना कुणी शिकवलं?" असं विचारायला. मी म्हटलं अभ्यासक्रमात आहे. ते म्हणाले अभ्यासक्रम अभ्यासक्रमासारखा शिकवा की. बदली कुणाच्या हातात असते हे सगळ्यांना माहीत असतं. गटार पावसाळ्यात आपोआप वाहून मोकळं झालं.

---

जुना_राजाराम

राजाराम कॉलेजात इतिहास शिकलो, पुढं तोच शिकवत निवृत्त झालो, त्यामुळं थोडं मागं जाणार, सवय आहे.

१९११ साली गोखल्यांनी केंद्रीय कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक आणलं. १९१२ ला ते पडलं, १३ विरुद्ध ३८ मतांनी. आणि १९१७ ला आमच्या करवीर संस्थानात शाहू महाराजांनी ते करूनच टाकलं, मोफत आणि सक्तीचं, पोराला शाळेत न पाठवणाऱ्या बापाला महिन्याला एक रुपया दंड. त्या काळचा रुपया! १९१९ ला अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करा, सगळ्यांना एकाच शाळेत घ्या असा हुकूम काढला. फ्लेक्सवाले म्हणतात ते 'कोण कुणाच्या शेजारी बसतं' हे महाराजांना शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं.

गंमत बघा, राजा होता तोवर हे पाच वर्षांत झालं. लोकशाही आली तेव्हा घटनेच्या कलम ४५ मध्ये लिहिलं की दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण देण्याचा प्रयत्न करू. म्हणजे १९६०. प्रत्यक्षात कायदा लागू झाला १ एप्रिल २०१० ला. मधल्या पन्नास वर्षांत काय झालं? आपल्याच जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचे जे. पी. नाईक, गारगोटीच्या मौनी विद्यापीठाचे शिल्पकार, ते १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते. त्या आयोगानं सांगितलं होतं की श्रीमंत-गरीब सगळ्यांची पोरं जवळच्या एकाच समान शाळेत जाऊ देत आणि राष्ट्रीय उत्पन्नाचे ६ टक्के शिक्षणावर घाला. २०२० च्या धोरणात पण तेच ६ टक्के परत लिहिलेत. म्हणजे साठ वर्षं आपण तोच आकडा फ्रेम करून भिंतीवर लावतोय.

पुढं १९८३ ला वसंतदादांच्या सरकारनं विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. तेव्हा पोरं कर्नाटकात कॅपिटेशन भरून जात होती, ती इथं राहिली, हजारो शेतकऱ्यांची पोरं इंजिनिअर झाली, ते नाकारत नाही, माझाच पुतण्या झाला. पण एक वेगळीच गोष्ट तयार झाली, संस्था आणि मतदारसंघ एकाच माणसाच्या हातात. प्राध्यापक दिवसा वर्गात आणि संध्याकाळी प्रचारात. शिक्षणसम्राट हा शब्द आधी कुचेष्टेचा होता, आता सत्काराच्या पत्रिकेत छापतात.

---

अभ्यासिका_सीट_१७

सर आदर आहे, पण शाहू महाराजांचं नाव घेऊन सगळं गोड करू नका. दसरा चौकाच्या आसपास फिरून बघा, मराठा बोर्डिंग, जैन, लिंगायत, मुस्लिम, मिस क्लार्क... जातवार वसतिगृहं होती ती. एकत्र कुठं बसवलं?

आणि माझी पण एक कबुली. मी पाच वर्षं एमपीएससी करतोय, राज्यघटनेची कलमं झोपेत विचारा. ७३ वी, ७४ वी घटनादुरुस्ती, ग्रामसभेचे अधिकार, सगळं पाठ. गावच्या ग्रामसभेला आजपर्यंत एकदा पण गेलो नाही. आईनं फोन केला होता, घरकुलाच्या यादीत नाव घालायचंय, ग्रामसभेला ये. मी म्हटलं पूर्वपरीक्षा आहे. त्या पूर्वला ग्रामसभेवर दोन प्रश्न होते, दोन्ही बरोबर आले. यादीत नाव नाही आलं. आणि ही अभ्यासिका एका माजी नगरसेवकाची, फी नाममात्र, दारात त्याचा फ्लेक्स (फ्लेक्सवाले दादा तुमचाच असणार). इलेक्शनला आम्ही ४० पोरं त्याच्या रॅलीत. कुणी सांगितलं नव्हतं. खाल्लंय म्हटल्यावर द्यायला लागतंय न्हवं.

---

जुना_राजाराम

सीट १७, तुझा आक्षेप बरोबर आहे आणि तो आमच्या वर्गात पण दरवर्षी कुणीतरी घ्यायचं. महाराजांनी आधी सगळ्यांसाठी एकच वसतिगृह काढून बघितलं होतं, त्यात एकाच जातीची मुलं उरली. मग १९०१ पासून जातवार काढली, कारण त्या त्या समाजातले लोक आपल्या पोरांसाठी पैसे देतील आणि आईबाप पोरं पाठवतील. ती तडजोडच होती. त्या तडजोडीच्या भिंती कुठं नडतात हे बघितलं ते कुंभोजच्या एका पोरानं. भाऊराव पाटील जैन बोर्डिंगात राहायचे, अस्पृश्य मुलांच्या मिस क्लार्क बोर्डिंगच्या कार्यक्रमाला गेले आणि परत आल्यावर आंघोळ करायला नकार दिला, बोर्डिंगातनं बाहेर. पुढं त्यांनी १९१९ ला रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ ला साताऱ्यात सगळ्या जातींच्या पोरांचं एकत्र वसतिगृह, पोरं स्वतः स्वयंपाक करायची, एका पंगतीत जेवायची. त्याला नाव कुणाचं दिलं? शाहू महाराजांचं. वर टोलच्या मोर्चात आलेले एन. डी. सर त्याच रयतचे पुढं चेअरमन होते. म्हणजे धागा तुटलेला नाही, लांब आहे.

ग्रामसभेचं वाचून मात्र मला गप्प बसावंसं वाटलं.

---

करवीरची_लेक

मी इतके दिवस नुसती वाचायची, आज लिहिते. प्रायव्हेटमध्ये पालकाला आवाज नाही असं कागदावर नाहीये. २०११ चा फी नियंत्रण कायदा आहे, त्यात पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती लॉटरीनं निवडायची आणि शाळेनं फी वाढवायच्या आधी त्या समितीपुढं हिशोब मांडायचा. माझं नाव लॉटरीत निघालं. मला काय माहीत नव्हतं, भाचीला विचारून कायदा वाचला, मीटिंगला जाऊन म्हटलं मागच्या वर्षीचा जमाखर्च बघायला मिळेल का. अगदी हळू आवाजात म्हटलं हो. खोलीत शांतता. मग एक सर म्हणाले मॅडम तुमची मुलगी कोणत्या तुकडीत?

एवढंच. पुढं काय बोलले नाहीत. पण घरी येईपर्यंत माझ्या पोटात गोळा. व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं तर खाजगीत चौदा जणींचे मेसेज, "छान केलंत ताई", आणि ग्रुपवर एक पण नाही. विभागीय समितीकडं तक्रार करायची तर पंचवीस टक्के पालक लागतात, मला सहीला तिघी मिळाल्या, त्यातल्या एकीनं दुसऱ्या दिवशी सही मागं घेतली, नवऱ्यानं सांगितलं म्हणून. सगळ्या शिकलेल्या बायका, एक तर वकील. बिंदू चौकातल्या भाजीवालीशी दोन रुपयांसाठी दहा मिनिटं घालतील आणि इथं हजारांच्या फीला गप्प. पैसे भरून घाबरायला मी तिथं शिकले.

---

उसाचा_पाला

ताई, हेच आमच्यात सहकारात झालंय बगा. नाव नाही घेत कुठल्या साखर कारखान्याचं आणि कुठल्या दूध संघाचं, सगळीकडं तेच हाय. माझा बाप चौथी शिकलेला. वार्षिक सभेच्या आधी अहवालाचं पुस्तक घरी यायचं, बाप दोन रात्री कंदिलाला ते वाचायचा, लाल पेनानं खुणा करायचा, तोडणी-वाहतूक खर्च एवढा कसा वाढला, मळी कुणाला विकली, आणि सभेत उठून विचारायचा. शिव्या खायचा, पण विचारायचा. चेअरमन त्याला घाबरायचा नाही पण त्याच्या गावाला येताना हिशोब करून यायचा.

मी बीई मेकॅनिकल. शेअर आता माझ्या नावावर. अहवाल येतो, प्लास्टिकचं कव्हर पण काढत नाही. सभा सुरू झाली की पुढचे म्हणतात मंजूर मंजूर, मागचे म्हणतात नामंजूर नामंजूर, अर्ध्या तासात राष्ट्रगीत आणि साखर वाटप. आणि संघाचं इलेक्शन लागलं की ज्याच्या नावावर संस्थेचा ठराव, म्हणजे गावच्या दूध संस्थेच्या वतीनं मत द्यायचा हक्क, त्याला उचलून सहलीला, कोण गोव्याला तर कोण अजून कुठं, मतदानादिवशी एसी बसमधनं थेट केंद्रावर. ह्यात अडाणी कोण नाही हो, बरेच ग्रॅज्युएट. तर शिक्षण वाढलं की लोकशाही सुधारते ह्या गणितावर माझा विश्वास नाही. बाप चौथीत काय शिकला जे मी सोळा वर्षांत शिकलो नाही, ते मला कुणीतरी सांगा.

---

अभ्यासिका_सीट_१७

उसाचा पाला दादा, तुमच्या वडिलांना अहवालातनं मार्क मिळवायचे नव्हते.

---

पुण्यात_पण_कोल्हापुरी

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये, मधली दोन वर्षं प्रचाराचं काम करणाऱ्या एका कंपनीत होतो. तिथला शब्द सांगतो, मतदाराला आम्ही 'सेगमेंट' म्हणायचो. साबणाची जाहिरात करतात तसंच, ह्या बूथवर एवढे पहिल्यांदा मत देणारे, एवढ्या लाभार्थी महिला, एवढे नाराज, प्रत्येकाला वेगळा व्हिडिओ. शेजारच्या दोन घरांत दोन वेगळी आश्वासनं जायची आणि दोघांना एकमेकांचं कळायचं नाही. पूर्वी गांधी मैदानात एक सभा व्हायची, सगळ्यांनी एकच भाषण ऐकायचं आणि दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर त्याची चिरफाड. आता चिरफाड करायला समान काही उरलंच नाही. आणि पैसा कुठनं येतो विचाराल तर २०१८ पासून निवडणूक रोखे होते, देणाऱ्याचं नाव गुपित, सुप्रीम कोर्टानं ते फेब्रुवारी २०२४ ला रद्द केले तेव्हा नावं बाहेर आली. सहा वर्षं विकत कोण घेतंय हे गिऱ्हाईकाला पण माहीत नव्हतं.

लाभाच्या योजनांच्या विरोधात मी नाही हां, आईला लाडकी बहीणचे १५०० येतात, तिला ते स्वतःचे वाटतात, चांगलंच आहे. पण त्याच आईला आमच्या गावची शाळा पटसंख्येवरनं बंद होणार का विचारायचंय आणि ते कुठल्या बटणावर विचारायचं तिला माहीत नाही.

---

राजारामपुरी_तेरावी_गल्ली

परत आलो. काल रात्री धागा बायकोला वाचून दाखवला. ती म्हणाली पोराला विचार त्याच्या वर्गात कोण कोण आहे. विचारलं. बांधकामवाले दोन, डॉक्टर चार, सराफ एक, माझ्यासारखे दुकानदार, बँकवाले. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यानं गरिबांसाठी राखीव २५ टक्क्यांतली मुलं कुठं म्हटलं तर म्हणाला ती 'बी' मध्ये असतात. हे मला माहीत नव्हतं. सरकारनं २०२४ च्या सुरुवातीला नियम बदलून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर प्रायव्हेटला ते २५ टक्के नकोत असं केलं होतं, हायकोर्टानं जुलैत रद्द केलं, तेव्हा आमच्या पालकांच्या ग्रुपवर रडारड झालेली, मी पण त्यावर होकाराचा अंगठा टाकला होता. असू दे. शाळा बदलणार नाही मी, खोटं कशाला बोलू. पण तुकड्या कशा पाडल्यात ते विचारणार आहे. करवीरच्या ताई, तुमची शाळा कुठली ते खाजगीत सांगा, एकच असेल तर सही माझी घ्या.

---

करवीरची_लेक

एकच आहे. तुमच्या शेवटच्या ओळींवरनं कळलं. मेसेज केलाय.

---

मास्तर_भुदरगड

वा. हे वाचून बरं वाटलं. २०२३ ला सरकारनं शाळा दत्तक योजना आणली, देणगीदाराचं नाव शाळेच्या नावाला जोडता येईल अशी, तेव्हा आमच्या गावात एक जण मला म्हणाला गुरुजी कोण घेणार आपली शाळा दत्तक? मी म्हटलं तुमचीच आहे की, तुम्हाला कशाला दत्तक घ्यायला पाहिजे. तो बराच वेळ माझ्याकडं बघत राहिला, जणू मी काहीतरी शंका येण्यासारखं बोललो.

फ्लेक्सवाले, तुमच्या त्या चॉकलेटवाल्या मुख्यमंत्र्याचं पुढं काय झालं?

---

फ्लेक्सवाला_पेठेतला

मास्तर, तेच सांगायला आलोय. समितीच्या मीटिंगमध्ये मी विषय काढला, निवडणूक रद्द करा म्हटलं. बाई नको म्हणाल्या. म्हणाल्या रद्द केली तर पोरं एवढंच शिकतील की मोठी माणसं येऊन निकाल बदलतात. त्याऐवजी त्यांनी दर शनिवारी शेवटच्या तासाला प्रश्नोत्तराचा तास ठेवला, मंत्रिमंडळानं समोर बाकावर बसायचं आणि बाकीच्यांनी विचारायचं. मला मागं बसायला परवानगी दिली, अट अशी की बोलायचं नाही.

पहिल्या शनिवारी नुसता गोंधळ. दुसऱ्या शनिवारी मुलींच्या बाजूच्या नळाचा विषय निघाला, तीन आठवडे पाणी येत नव्हतं. मुख्यमंत्री उभा राहिला, शर्ट खोचलेला, म्हणाला मी पप्पांना सांगतो, पप्पा लगेच करून देतील. टाळ्या पडल्या हो, खरंच पडल्या. मी कपाळाला हात लावला. तेवढ्यात माझ्या पोरीच्या मागच्या बाकावरची एक बारकी उठली, तिची आई तिथंच पोषण आहार शिजवते, आणि म्हणाली, "मंत्री तू हैस का तुझे पप्पा?"

तो गप्प. लालबुंद. मग म्हणाला अर्ज लिहितो. कुणाला लिहायचा ते त्याला माहीत नव्हतं, वर्गात पण कुणाला माहीत नव्हतं, आणि खरं सांगतो, मला पण विचार करायला लागला.

---

उसाचा_पाला

मग नळ झाला का?

---

फ्लेक्सवाला_पेठेतला

नाही अजून. अर्ज गेलाय, १२ तारखेला. पोच घेतलीय, शिक्क्यासकट.